कॉफीची गाळणी : एका गृहिणीने लावलेला शोध

भगिनींनो, स्मरणिकेसाठी इतिहासावर लेख लिहावयाचा म्हटले की लढाया, किल्ले नाही तर थोर पुरुषांची चरित्रे डोळ्यांसमोर येतात. कॉफी गाळण्याच्या भांड्यालाही काही इतिहास असेल, हे पुष्कळ जणींना खरे वाटणार नाही. परंतु हल्ली हळदीकुंकवाला चार जणी जमल्या की विजेवर चालणाऱ्या कॉफीच्या यंत्राचा विषय निघतोच. कोणाकडे परदेशातील लेकीने पाठविलेले असते, कोणी दुकानात पाहून आलेली असते, आणि "कोणते घ्यावे? टिकेल का?" हा प्रश्न सगळ्यांचाच असतो. दुकानदार दिवे, बटणे आणि रंग दाखवितो. घरातील पुरुषमंडळी किंमत आणि नाव पाहतात. ते यंत्र रोज धुणार कोण, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

मी ह्या विषयाची माहिती जमवू लागले तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. ह्या यंत्राचा प्रत्येक भाग कोणाच्या तरी रोजच्या अडचणीतून जन्मला आहे. ती अडचण कोणती होती हे कळले की यंत्र चांगले की वाईट, हे ओळखण्याची खूणही हाती येते. म्हणून आधी इतिहास सांगते आणि मग निवडीकडे वळते.

कॉफीचे झाड मूळचे इथिओपियाचे. ते पेय म्हणून प्रथम रूढ झाले येमेनमध्ये. तेथील सूफी साधक रात्रीच्या जपाला जाग राहावी म्हणून पंधराव्या शतकात कॉफी पीत असत. आपल्या देशात सतराव्या शतकात बाबा बुदन नावाच्या साधुपुरुषाने येमेनहून सात बिया आणल्या व कर्नाटकातील चिकमगळूरजवळच्या डोंगरावर लावल्या, अशी परंपरागत कथा आहे. तो डोंगर आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. 

अरब आणि तुर्क लोकांची रीत अशी, की दाणे भाजावयाचे, अगदी बारीक दळावयाचे आणि ती पूड पाण्यात घालून उकळावयाची. गाळण्याचा प्रश्नच नाही. पूड तळाशी बसू द्यावयाची आणि वरचे पाणी जपून प्यावयाचे. शेवटच्या घोटाला तोंडात चोथा यावयाचाच. ही रीत पुढे युरोपात गेली. लंडनमध्ये 1652 साली पहिले कॉफीगृह निघाले, पण कॉफी उकळण्याची तऱ्हा बदलली नाही. कित्येक ठिकाणी तर मोठ्या भांड्यात उकळून ठेवलेली कॉफी पुन्हापुन्हा तापवून देत. आपल्या मराठी घरांतही कॉफी म्हणजे दूध-साखरेत पूड घालून उकळलेली, वर वेलची-जायफळ लावलेली आणि चहाच्या गाळणीतून गाळलेली. उकळल्याने आलेला कडूपणा दूध, साखर आणि जायफळ मिळून झाकून टाकतात, म्हणून तो आपल्याला फारसा जाणवत नाही. बिनदुधाची कॉफी पिणाऱ्यांना मात्र तो लपविता येत नव्हता.

अठराव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये कापडाची पिशवी वापरण्याची युक्ती निघाली. पिशवीत पूड घालावयाची आणि वरून कढत पाणी ओतावयाचे. चोथा पिशवीत राहू लागला, पण नवी अडचण उभी राहिली. कॉफीच्या पुडीत तेल असते. ते कापडाच्या धाग्यात मुरते आणि दोन दिवसांत त्याला खवट वास येतो. दुधाचे फडके नीट धुतले नाही तर काय होते, हे आपल्याला सांगावयास नको. पिशवी रोज उकळून, पिळून, उन्हात वाळवावी लागे. कॉफी करण्यास पाच मिनिटे आणि पिशवी धुण्यास पंधरा, असा हा व्यवहार झाला.

पुढे 1800 च्या सुमारास पॅरिसमध्ये एकावर एक दोन भांडी असलेले पात्र आले. ते तेथील आर्चबिशप द बेलॉय यांच्या नावाशी जोडले जाते. वरच्या भांड्याच्या तळाला बारीक छिद्रे. त्यात पूड घालून वर कढत पाणी ओतावयाचे, म्हणजे कॉफी थेंबथेंब खालच्या भांड्यात उतरते. कॉफी उकळण्याऐवजी पाझरू द्यावयाची, ही कल्पना ह्या पात्राने लोकांच्या मनात रुजविली. त्यानंतर 1812 साली काउंट रम्फर्ड ह्या शास्त्रज्ञाने कॉफी उत्तम कशी करावी ह्यावर एक सबंध निबंधच लिहिला. उष्णतेचा अभ्यास हा त्यांचा विषय. कॉफी उकळली की तिचा सुगंध वाफेबरोबर उडून जातो, पुडीचा थर सर्वत्र सारखा दाबलेला असावा आणि गाळली जात असताना कॉफी थंड होऊ नये, असे त्यांचे म्हणणे होते. दोनशे वर्षे होऊन गेली तरी त्यांतील एकही मुद्दा खोटा ठरलेला नाही.

आपल्या दक्षिणेकडील फिल्टर ह्याच कुळातला. पितळेची किंवा स्टीलची दोन भांडी, वरच्याच्या तळाला छिद्रे, पूड दाबण्यास दांडीची चकती आणि वर झाकण. माटुंग्याला ज्यांचे येणेजाणे आहे त्यांनी तो पाहिलेलाच असेल. त्यात उतरलेला दाट अर्क कढत दुधात घालून पेल्या-डबऱ्यातून उंचावरून ओतून देतात. हे भांडे विजेवाचून चालते, त्यात मोडण्यासारखे काही नाही आणि आजीचे नातीला वापरता येते. परंतु अर्क उतरण्यास वेळ लागतो, आणि छिद्रांत पूड बसली की दिव्यावर धरून किंवा टाचणीने ती मोकळी करावी लागतात.

पाश्चात्य देशांत दुसरेही एक पात्र फार चालले. त्याला पर्कोलेटर म्हणत. 1889 साली अमेरिकेतील हॅन्सन गुडरिच ह्या गृहस्थाने चुलीवर ठेवण्याच्या पर्कोलेटरचे पेटंट घेतले. ह्यात तळाचे पाणी उकळून नळीतून वर चढते, पुडीवर पडते, पुन्हा तळाशी येते आणि पुन्हा वर चढते. घरभर सुवास पसरतो. पण जो सुवास घरात पसरला तो कपातून गेला, हे कोणाच्या लक्षात येत नसे. एकदा झालेली कॉफी पुन्हापुन्हा उकळून पुडीवरून फिरत राहिल्याने कडू होई. तरीही अमेरिकेत पाऊणशे वर्षे घरोघर हेच पात्र होते.

आता मुख्य गोष्टीकडे येते. जर्मनीतील ड्रेस्डेन शहरी मेलिटा बेन्त्स नावाची एक गृहिणी राहत असे. तिचा जन्म 1873 चा. नवरा ह्यूगो, आणि विली व होर्स्ट हे दोन मुलगे, असा संसार. तिला कॉफीची आवड होती, पण कपातील चोथा आणि कडूपणा ह्यांचा कंटाळा आला होता. धातूच्या गाळणीतून बारीक पूड खाली येई, आणि कापड धुण्याचा त्रास होता तो होताच. तेव्हा तिने एक पितळेचे भांडे घेतले, खिळ्याने त्याच्या तळाला भोके पाडली आणि विलीच्या शाळेच्या वहीतील टिपकागद कापून त्यात बसविला. त्यावर पूड घालून कढत पाणी ओतले. खाली उतरलेली कॉफी स्वच्छ होती, तोंडात कण येत नव्हता आणि कडूपणाही कमी झाला होता. शिवाय काम झाल्यावर चोथ्यासकट कागद उचलून टाकला की संपले! धुण्यास उरले ते एक भांडे.

भगिनींनो, आर्चबिशप झाले, काउंट झाले, शास्त्रज्ञ झाले, पण कागद कोणालाच सुचला नव्हता. ह्याचे कारण मला असे दिसते की त्यांना गाळणी धुवावी लागत नव्हती. जिला भांडे रोज घासावे लागते तिलाच त्याचा खरा दोष कळतो.

मेलिटाबाईंची दुसरी हुशारी पहिलीहून मोठी म्हटली पाहिजे. युक्ती शेजारणीला सांगून त्या गप्प बसल्या नाहीत. त्यांनी ती बर्लिनच्या पेटंट कचेरीत स्वतःच्या नावाने नोंदविली. ही गोष्ट 1908 सालची. त्याच वर्षी 15 डिसेंबरला 73 फेनिंग भांडवलावर त्यांच्या धंद्याची सरकारदरबारी नोंद झाली. शंभर फेनिंगांचा एक मार्क होत असे, तेव्हा भांडवल पुरते एक मार्कसुद्धा नव्हते. राहत्या घरातच कारखाना आणि सारे कुटुंब कामगार. मुले हातगाडीवरून माल पोचवीत. दुसऱ्याच वर्षी, 1909 मध्ये, लाइपझिगच्या जत्रेत त्यांच्या बाराशे गाळण्या खपल्या.

पुढील वाट सोपी नव्हती. 1911 साली मुलगी हेर्टा जन्मली. 1914 साली पहिले महायुद्ध सुरू झाले. नवऱ्याला सैन्यात जावे लागले, धातू लष्कराकडे वळला, कागदावर नियंत्रण आले आणि परदेशची कॉफी बंद झाली. कॉफीच नाही तर गाळणी कोण घेणार? तो काळ ह्या बाईंनी पुठ्ठ्याची खोकी विकून काढला. युद्धानंतर धंदा पुन्हा वाढला आणि ड्रेस्डेनची जागा पुरेना, तेव्हा 1929 साली तो मिंडेन ह्या गावी नेण्यात आला. 1930 नंतरच्या दशकात गाळणीला आज आपण पाहतो तो वर रुंद व खाली निमुळता आकार आला आणि त्याच मापाच्या कागदाच्या पिशव्या निघाल्या. कामगारांना नाताळचा बोनस, वाढीव सुट्टी आणि पाच दिवसांचा आठवडा देण्याची प्रथाही तेथे पडली.

खरा इतिहास सांगावयाचा तर काळे पानही उलटले पाहिजे. नाझी राजवटीत मुलांच्या हाती असलेल्या ह्या कारखान्याने त्या राजवटीशी जुळवून घेतले, आणि दुसऱ्या महायुद्धात तेथे सक्तीने आणलेल्या मजुरांकडून काम करून घेतले गेले. मेलिटाबाई 1950 साली वारल्या. त्यांचे नाव मात्र आजही गाळणीच्या कागदांवर छापलेले असते. नावाने ओळखला जाणारा असा शोध स्वयंपाकघरातील किती बायकांच्या वाट्याला आला आहे? लोणच्याची, पापडाची, मसाल्याची केवढी तरी युक्ती आपल्या आज्यांबरोबर गेली. तिच्यावर कोणाचे नाव नाही.

कागदाचा आणखी एक गुण पुढे ध्यानात आला. 1983 साली नॉर्वेतील ट्रॉम्सो येथील संशोधकांना आढळले की जास्त कॉफी पिणाऱ्यांच्या रक्तात कोलेस्टेरॉल अधिक असते. त्या भागात कॉफी उकळून पिण्याची चाल होती. पुढील संशोधनात कळले की हा परिणाम कॉफीतील काही तेलकट द्रव्यांचा आहे, आणि ती द्रव्ये बव्हंशी कागदात अडकून राहतात. चव सुधारण्यासाठी घातलेला टिपकागद असा प्रकृतीच्याही उपयोगी पडला.

हाताने गाळण्यात एक अडचण उरलीच होती. पाणी थोडेथोडे ओतीत पाच मिनिटे उभे राहावे लागते. सकाळच्या घाईत डबे भरावयाचे, मुलांना उठवावयाचे, आणि त्यात किटली धरून उभे राहावयाचे! ही अडचण विजेने सोडविली. 1954 साली पश्चिम जर्मनीत गॉटलोब विडमन यांनी पाणी आपोआप तापवून पुडीवर सोडणारे विजेचे यंत्र काढले. त्याचे नाव विगोमॅट. विडमनचा "वि" आणि गॉटलोबचा "गो" घेऊन ते केलेले आहे.

हे यंत्र चालते कसे ते समजून घेण्यासारखे आहे, कारण आजची बहुतेक यंत्रे ह्याच तत्त्वावर चालतात. मागील टाकीत थंड पाणी असते. ते तळातील एका वाकविलेल्या नळीत येते. नळीला विजेची तार चिकटविलेली असते. नळीतील पाणी उकळू लागले की वाफेचे बुडबुडे होतात आणि ते कढत पाण्याला वर ढकलतात. पाणी मागे टाकीत जाऊ नये म्हणून नळीच्या तोंडाशी एकाच बाजूला उघडणारी झडप असते. वर चढलेले पाणी पुडीवर पडते, खाली भांड्यात कॉफी उतरते आणि नळीत पुन्हा थंड पाणी येते. पंप नाही, चाक नाही. किटलीचे झाकण उडविणारी वाफच सर्व काम करते. टाकी रिकामी झाली की नळी अधिक तापते, तेव्हा एक स्वयंचलित बटण वीज तोडते. पुढे तेच बटण वीज चालू-बंद करीत कॉफीच्या भांड्याखालची तबकडी गरम ठेवते.

अमेरिकेत हे यंत्र घरोघर पोचविले ते क्लीव्हलंडच्या व्हिन्सेंट मरोटा व सॅम्युएल ग्लेझर ह्या दोघांनी. पर्कोलेटरच्या कडू कॉफीवर उपाय म्हणून त्यांनी एडमंड एबल व अर्विन शुल्झ ह्या दोन इंजिनियरांकडून यंत्र तयार करविले आणि 1972 साली "मिस्टर कॉफी" ह्या नावाने बाजारात आणले. जो डिमॅजिओ हा बेसबॉलचा नामवंत खेळाडू त्याची जाहिरात करू लागला आणि थोड्याच वर्षांत पर्कोलेटर मागे पडला. गंमत पाहा, ज्या वस्तूचे मूळ एका बाईच्या टिपकागदात, तिचे नाव "मिस्टर" झाले!

यंत्रे स्वस्त होऊ लागली तसा नवा दोष शिरला. पाणी पुरेसे तापत नसे, किंवा पुडीच्या मध्येच एका जागी पडे. अशा वेळी मापाचे काम आधी झालेले होते ते उपयोगी पडले. 1950 नंतरच्या दशकात अमेरिकेत कॉफी ब्रूइंग इन्स्टिट्यूट स्थापन झाली होती. तेथे प्राध्यापक अर्नेस्ट लॉकहार्ट यांनी शेकडो कप मोजून-चाखून पाहिले. पुडीच्या वजनापैकी सुमारे 18 ते 22 टक्के अंश पाण्यात उतरला तर कॉफी रुचकर लागते, असा त्यांचा निष्कर्ष. त्याहून कमी उतरला तर ती पाणचट व आंबूस आणि अधिक उतरला तर कडू व तुरट. पुढे युरोपात यंत्रांसाठी कसोट्या ठरल्या, आणि नॉर्वेमध्ये यंत्रे तपासून प्रमाणपत्र देण्याची पद्धत पडली. त्या कसोट्यांचा सारांश असा : पुडीवर पडणारे पाणी 92 ते 96 अंश सेल्सिअस असावे, पाणी व पूड यांचा संबंध चार ते सहा मिनिटे असावा, आणि एक लिटर पाण्यास साधारण 55 ते 60 ग्रॅम पूड घ्यावी.

ह्याच सुमारास, 1960 नंतरच्या दशकाच्या अखेरीस, हॉलंडमध्ये गेरार्ड क्लेमेंट स्मित यांनी "मोकामास्टर" नावाचे यंत्र काढले. त्यात पाणी तापविण्याची सोय तांब्याची व स्वतंत्र असते आणि तबकडी तापविण्याची वेगळी, म्हणून पाणी लवकर व पुरेसे तापते आणि झालेली कॉफी करपत नाही. त्याचे भाग सुटे मिळतात व बदलता येतात. ते महाग आहे, पण एखादी वस्तू टिकते म्हणजे काय होते, हे त्यावरून शिकावे. कधीच न बिघडणारी वस्तू जगात नाही. बिघडली तर दुरुस्त करता येते ती टिकाऊ.

हा इतिहास पाहिल्यावर आपला मूळ प्रश्न सोपा होतो. यंत्र घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट उष्णतेची. यंत्राच्या तळाशी वॅटचा आकडा छापलेला असतो. एक लिटर पाणी पाच-सहा मिनिटांत 25 अंशांवरून 93 अंशांपर्यंत न्यावयाचे तर साधारण 900 ते 1000 वॅट लागतात. शाळकरी मुलालाही मांडता येईल असे हे गणित आहे. म्हणून लिटरभर कॉफीचे यंत्र 600 वॅटचे असेल तर ते रेंगाळणार, हे समजावे. तीन-चार कपांच्या लहान यंत्राला मात्र 600 वॅट पुरतात. दुकानदार राजी असेल तर नुसते पाणी घालून चालवून पाहावे आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत किती मिनिटे लागतात ते घड्याळात पाहावे.

दुसरी गोष्ट, पाणी पडते कसे ती. झाकण उघडून पाहावे. एकाच भोकातून धार पडत असेल तर पुडीच्या मध्ये खड्डा होतो आणि कडेची पूड कोरडी राहते. झारीसारखी अनेक छिद्रे असली तर सगळी पूड सारखी भिजते. रम्फर्डसाहेबांनी सांगितलेला मुद्दा तो हाच.

तिसरी गोष्ट धुण्याची, आणि माझ्या मते हीच सर्वांत मोठी. गाळणीची टोपली सुटी निघते का? काचेच्या भांड्यात हात जातो का? टाकीचे तोंड आतून पुसता येईल एवढे रुंद आहे का? ज्या कोपऱ्यात बोट पोचत नाही तेथे घाण बसणारच. यंत्र घ्यावयास जाताना घरात भांडी घासणारीला बरोबर न्यावे, मग ती सासू असो, सून असो की कामाला येणाऱ्या मावशी असोत. त्यांना दोन मिनिटांत जे दिसेल ते जाहिरातीत दिसणार नाही.

चौथी गोष्ट पाण्यातील क्षारांची. विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी असेल तर पातेल्याला जसा पांढरा थर बसतो तसाच यंत्राच्या नळीतही बसतो. नळी अरुंद होते, पाणी कुथत वर चढते, यंत्र गुरगुरते आणि एक दिवस बंद पडते. "यंत्रच खराब निघाले" असे आपण म्हणतो. बहुधा ती नळी तुंबलेली असते. महिना-दोन महिन्यांनी पाण्यात व्हिनेगर किंवा लिंबाचे फूल घालून यंत्र एकदा चालवावे, मग दोन वेळा नुसते पाणी चालवावे. एवढे केल्याने यंत्राचे आयुष्य पुष्कळ वाढते.

पाचवी गोष्ट विजेची. परदेशातून आलेल्या वस्तूंबाबत ही विशेष ध्यानात ठेवावी. अमेरिकेतील घरगुती वीज 120 व्होल्टची व आपली 230 व्होल्टची. तेथील यंत्र येथे सरळ लावले तर जळते, आणि त्यासाठी लागणारा ट्रान्सफॉर्मर यंत्राच्या वॅटहून अधिक ताकदीचा घ्यावा लागतो. तो जड असतो आणि महागही. लेकीने प्रेमाने आणलेली वस्तू माळ्यावर पडण्यापेक्षा तिला आधीच सांगितलेले बरे. यंत्राला तीन पिनांचा प्लग असावा, जोडणीला अर्थिंग असावे, आणि अति तापल्यास वीज कायमची तोडणारा फ्यूज आत आहे का, हे माहितीपत्रकात पाहावे. स्वयंचलित बटण निकामी झाले तर आगीपासून वाचविणारा तोच.

सहावी गोष्ट, झालेली कॉफी गरम कशी राहते ती. तापत्या तबकडीवर अर्धा तास ठेवलेली कॉफी कडू होते. पुन्हा आपण त्या जुन्या पर्कोलेटरपाशीच आलो. घरात माणसे वेगवेगळ्या वेळी कॉफी घेत असतील तर काचेऐवजी थर्मासचे भांडे असलेले यंत्र पाहावे, नाही तर झालेली कॉफी आपल्या घरच्या थर्मासात ओतून ठेवावी.

सातवी गोष्ट सुट्या वस्तूंची. काचेचे भांडे आज ना उद्या फुटणारच. ते एकटे विकत मिळते का, गाळणीचे कागद जवळच्या दुकानात मिळतात का, दुरुस्तीची सोय आपल्या गावात आहे का, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. कागदांऐवजी धुऊन वापरण्याची बारीक जाळी काही यंत्रांबरोबर येते. तिने खर्च वाचतो, पण धुणे वाढते आणि तेलकट अंश कपात उतरतो, एवढे जाणून ती घ्यावी. यंत्रावर "12 कप" असे लिहिलेले असले तरी तो कप लहान, सुमारे 125 ते 150 मिलिलिटरचा धरलेला असतो, हेही ध्यानात असू द्यावे.

पुडीविषयी थोडे सांगितले पाहिजे. दक्षिणी फिल्टरची पूड बारीक असते आणि तिच्यात बहुधा चिकोरी मिसळलेली असते. ती कागदात घातली तर पाणी तुंबते आणि टोपली भरून वाहते. यंत्रासाठी थोडी जाडसर, बारीक रव्यासारखी दळून मागावी. टाकीत दूध कधीही घालू नये. नळीत दूध करपले की यंत्र गेलेच. यंत्रातून बिनदुधाची कॉफी निघते, दूध नंतर वेगळे तापवून घालावे. आणि ज्या घरात संध्याकाळी दोनच कप, तेही जायफळ लावलेली दुधाची कॉफी होते, त्या घराने यंत्राच्या मागे न लागता स्टीलचा फिल्टर किंवा आपले पातेलेच ठेवावे. गरज नसताना घेतलेली वस्तू कितीही चांगली असली तरी ती ओट्यावरची अडगळच.

लेख लांबला, पण एक विचार मांडल्यावाचून राहवत नाही. मेलिटाबाईंनी 73 फेनिंगांवर धंदा मांडला. आपल्या मुंबईत गिरगावात 1959 साली सात भगिनींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला आणि त्यातून लिज्जत पापडाचा केवढा मोठा उद्योग उभा राहिला, हे आपण जाणतोच. दोन्ही ठिकाणी भांडवल नावालाच होते. खरे भांडवल होते ते रोजच्या कामातून आलेल्या ज्ञानाचे, आणि त्या ज्ञानाला किंमत आहे हे ओळखण्याचे. आपल्या मंडळातही अशा युक्त्या ठाऊक असलेल्या भगिनी पुष्कळ आहेत. त्यांनी त्या मंडळाच्या वहीत आपल्या नावासकट लिहून ठेवाव्यात, अशी ह्या वर्धापनदिनी माझी सूचना आहे. त्यांतील एखादी उद्या कोणाच्या घरचे भांडे घासणे सोपे करील, आणि ते कोणामुळे झाले हेही तिच्या नातीला कळेल.